उजवं पान

सरांच्या शोकसभेत तीन भाषणं झाली आणि तिन्ही भाषणांत लोक हसले. हसू येण्यासारखंच होतं. सर कुठल्याही कागदावर सही करण्याआधी तो पहिल्या ओळीपासून मोठ्यांदा वाचत, मग उलटा करून मागची बाजू बघत, तीही बराच वेळ, आणि त्यानंतरच पेनाचं टोपण काढत. रजेचा अर्ज असो, पगारपत्रक असो की रजिस्टर पोस्टाची पावती. पोस्टमन म्हणे त्यांच्या घरी सगळ्यात शेवटी जायचा, कारण तिथं अर्धा तास मोडायचा. एका वक्त्याने त्यांची हुबेहूब नक्कल केली, कोरी बाजू बघण्याचीसुद्धा, आणि सभा शोकाची आहे हे पाच मिनिटं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

मीही हसलो. न हसणं बरं दिसलं नसतं. ही सवय सरांना कधी आणि कुणाच्या कागदापासून लागली हे त्या हॉलमध्ये मला एकट्याला माहीत होतं. जुना विद्यार्थी आणि निवृत्त अधिकारी म्हणून मला दोन शब्द बोलायला उभं केलं, तेव्हा मी त्यांची पेरूची गोष्ट सांगितली आणि खाली बसलो.

पेरूची गोष्ट सांगायला सोपी आहे. बी.ए.च्या पहिल्याच आठवड्यात सर आम्हाला वर्गातून उठवून शहागंजच्या बाजारात घेऊन गेले. आम्ही म्हणजे चौघं. अर्थशास्त्र आणि तत्त्वज्ञान हे दोन विषय एकत्र घेण्याचा शहाणपणा त्या वर्षी औरंगाबादेत आम्ही चौघांनीच केला होता, आणि आम्हाला दोन्ही विषय शिकवायला सर एकटे. एका पेरूवाल्यासमोर आम्हाला उभं करून ते म्हणाले, "सकाळी हा महाग देत होता. आता दिवस कलला, स्वस्त देतोय. वहीची दोन पानं उघडा मियाँ. डाव्या पानावर लिहा, पेरू स्वस्त का झाला. उजव्या पानावर लिहा, हा माणूस आज घरी काय घेऊन जाणार."

डावं पान आम्ही उभ्या उभ्या भरलं. मागणी, पुरवठा, नाशवंत माल, सगळं आलं. उजव्या पानावर मी लिहिलं, 'उरलेले पेरू.' सरांनी ते पेरूवाल्यालाच वाचून दाखवलं. तो हसला नाही. पेरूला जाम म्हणत तो म्हणाला, "बच्चे जाम को हाथ नै लगाते साब. रोज वहीच खाके उब गए." सर इतके खूश झाले की त्यांनी त्याच्याकडचे राहिलेले सगळे पेरू घेतले आणि आमच्या खिशांत कोंबले. म्हणाले, "डावं पान झाडाखाली बसून लिहिता येतं. उजवं पान विचारल्याशिवाय लिहिता येत नाही."

सगळी वर्षं आम्ही असंच शिकलो. प्रत्येक प्रश्नाला दोन पानं. दोन्हीकडे एकच उत्तर आलं तर दोन्ही पानांना शून्य. कॉलेजात त्यांचं नाव 'दोनपाने' पडलं, आणि नव्याने आलेल्या एका प्राध्यापकाने ते आडनाव समजून त्यांना तशी हाकही मारली. सरांनी ओ दिली. त्यांच्या घरी काकू सांगायच्या, "किराणाची यादी लिहा म्हटलं तर डावीकडं लिहितात तूरडाळ, अन् उजवीकडं लिहितात, कुणासाठी. दुकानदार मला विचारतो, बाई, हे दुसरं कितीचं देऊ?"

सर हैदराबादला उर्दूतून शिकलेले. घरात मराठी, पण विचार करायचे ते उर्दूत. पोलीस ॲक्शननंतर राज्य बदललं, मग राज्याच्या सीमा बदलल्या, आणि दर वेळी सरांची वर्गातली भाषा बदलली. पदव्या उर्दूत, नेमणूक इंग्रजीत आणि समोर आम्ही मराठीत, अशी त्यांची तऱ्हा होती. अर्थशास्त्राला ते चुकून मआशियात म्हणत आणि मग आमची माफी मागत. उन्हाळ्यातसुद्धा अंगात काळी शेरवानी, तिचा रंग खांद्यांवर विटून तपकिरी झालेला. हिंदू, मुसलमान, जो समोर येईल तो त्यांचा मियाँ. हॉटेलात चहा आला की अर्धा बशीत ओतून समोर जो बसला असेल त्याच्याकडे सरकवायचे, ओळख असो नसो.

मी पिशोरचा. वडील शेतकरी. मी काय शिकतोय हे त्यांना सांगायला गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, "फिलासफी म्हंजी काय?" मी म्हणालो, "तत्त्वज्ञान." ते म्हणाले, "ते आपल्याकडं लई हाय. दुसरं कायतरी शिक, नोकरी लागंल असं." म्हणून अर्थशास्त्र. खरं सांगायचं तर मी डाव्या पानाचा विद्यार्थी होतो. आकडे मांडायला मला आवडायचं आणि माझं अक्षर चांगलं होतं. उजवं पान मी सरांसाठी लिहायचो.

आणि हेही इथंच सांगून टाकतो, की त्या काळात सर कुठलाही कागद न वाचता सही करत. आम्ही फॉर्म पुढे धरायचो, ते व्हरांड्यात उभे राहून कुणाशी तरी बोलत असायचे, बोलता बोलता सही. हेडक्लार्क चिडायचा. सर म्हणत, "माझ्या पोरांनी आणलाय ना?"

बहात्तरच्या दुष्काळात मी एम.ए.ला होतो. जागोजाग दुष्काळी कामं निघाली होती. लोक खडी फोडत, बांध घालत, आणि कामावर येणाऱ्याला सुकडी मिळायची, लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, मिळायची. कुठलं केंद्र चालू ठेवायचं आणि कुठलं बंद करायचं हे ठरवायला कचेरीला पाहणी हवी होती, आणि एका केंद्राची पाहणी सरांकडे आली. सरांनी मला बरोबर घेतलं. निघण्यापूर्वी कचेरीतल्या साहेबांनी आम्हाला बसवून समजावलं, "प्रोफेसरसाहेब, गरजू ओळखायची एकच खूण आहे. जो उन्हात दगड फोडायला येतो तो गरजू. जो येत नाही त्याच्या घरात दाणे आहेत." सर म्हणाले, "हे डावं पान झालं." साहेबांना काही कळलं नाही.

केंद्र सोयगावच्या बाजूला, डोंगराखाली, मेंढपाळांच्या एका वस्तीजवळ होतं. मेंढरं निम्मी मेली होती, उरलेली विकून झाली होती. आम्ही शाळेच्या ओट्यावर मुक्काम टाकला. सकाळी कामावर गेलो तर मस्टरवर जिथं शंभराच्या घरात नावं होती तिथं पंचविसेक माणसं. दुसऱ्या दिवशी तेवढीच. तिसऱ्या दिवशी त्याहून कमी. मुकादम म्हणाला, "माजले साहेब. सरकारचं खाऊन माजले." मी डावं पान भरलं. सर वस्तीत विचारायला निघाले आणि मी त्यांच्या मागे गेलो.

पहिल्याच झोपडीच्या दाराला लिंबाचा डहाळा खोचलेला होता. पुढच्याही. मी पाहताक्षणी ओळखलं. पोरांना गोवर निघाला होता. आमच्याकडे त्याला कुणी रोग म्हणत नाही, देवी आली म्हणतात. देवी घरात असली की फोडणी द्यायची नाही, दाढी करायची नाही, आणि लोखंडाने काही ठोकायचं नाही. माझी धाकटी बहीण तापात पडली होती तेव्हा माझ्या आईने कुऱ्हाड गोठ्यात लपवून ठेवली होती आणि आम्ही चार दिवस जळणावाचून काढले होते.

पारूबाई त्या पहिल्या झोपडीची. वयस्कर, नवरा नाही, मुलगा कामाच्या शोधात खानदेशात उतरलेला. आत तिचा नातू अंथरुणावर आणि त्याच्याजवळ सून बसलेली, पोटुशी, दिवस भरत आलेले. सरांनी विचारलं, कामावर का येत नाही.

"देवी हाय घरात, मास्तर. लोखंड हानायचं नाय. हानलं तर पोराच्या अंगावर उठतंय."

"मग खाता काय?"

"पाला खातो. शेंगा खातो बाभळीच्या. कामाव गेल्याबिगर सुकडी देत न्हाईत." मग म्हणाली, "आठ-धा दिस ऱ्हावा. देवी गेली की समदे येतो. तेवढं लिवा तुमच्या कागदाव."

सरांनी तिथंच मांडी घालून उजव्या पानावर लिहिलं. तिने विचारलं, "लिव्हलं?"

"लिहिलं."

"वाचून दावा."

सरांनी वाचलं, पहिल्या ओळीपासून, मोठ्यांदा. ती एकेका वाक्याला मान हलवत होती. संपल्यावर म्हणाली, "अन् मागल्या अंगाला?"

"मागे काही नाही."

"दावा. मागं एकदा आंगठा घेतला आमचा, अन् मागल्या अंगाला भलतंच लिव्हलेलं व्हतं."

सरांनी पान उलटून तिच्यापुढे धरलं. तिला वाचता येत नव्हतं, पण कोरं ओळखता येत होतं. तिने ते नीट बघितलं आणि म्हणाली, "व्हय. बरं हाय."

परत आल्यावर सरांना ताप भरला. त्यांनी आपली वही माझ्या वहीवर ठेवली. "दोन्ही पानं घे. टाईप करून आण, मी सही करतो." मी गुलमंडीवरच्या टायपिस्टकडे बसलो. कचेरीने दिलेला नमुना एका पानाचा होता. रकाने होते ते हजेरीचे, कामाच्या मापाचे, जवळच्या दुसऱ्या केंद्राच्या अंतराचे. देवीला रकाना नव्हता.

तेवढं एकच कारण असतं तर मी वेगळा कागद जोडला असता. खरी गोष्ट अशी, की मला लाज वाटली. एम.ए.चा विद्यार्थी, इंग्रजी अहवाल, समोर टायपिस्ट आणि पुढे कचेरीतले साहेब, आणि त्यात लिहायचं काय, तर देवी घरात असल्यामुळे लोक हातोडा उचलत नाहीत. आमच्या घरचंच कुणीतरी अनवाणी कचेरीत शिरल्यासारखं मला वाटलं. कचेरीत जागा निघणार आहे असंही कानावर आलं होतं. मी डावं पान तेवढं टाईप केलं. ते फार सुरेख झालं होतं, एक खाडाखोड नाही.

सर पांघरुणात होते. मी कागद पुढे धरला. त्यांनी विचारलं, "दोन्ही घेतलं?"

मी म्हणालो, "घेतलं, सर."

त्यांनी नेहमीसारखी न वाचता सही केली.

तीन आठवड्यांनी वस्तीच्या शाळामास्तरांचं कार्ड आलं. केंद्र बंद झालं. लोकांना फर्दापूरकडच्या कामावर जा म्हणून सांगितलंय, पाच कोस. सर कचेरीत जाऊन अहवाल वाचून, मग कार्ड हातात घेऊन माझ्या खोलीवर आले. तापाने उतरले होते, शेरवानी अंगावर लोंबत होती. ते आरडाओरडा करतील असं मला वाटलं. ते म्हणाले, "चल." आम्ही सोयगावची बस धरली.

वस्ती जवळजवळ रिकामी होती. पारूबाई दारात बसली होती, मांडीवर तो नातू. पोरगा वाचला होता. दारावरचा डहाळा काढलेला होता. सरांना बघून ती उठली नाही.

"देवी गेली अन् आमी समदे गेलो हातोडे घिऊन," ती म्हणाली. "तर तिथं कुणी नाय. मुकादम नाय, काय नाय. मग निघालो फर्दापूरकडं. सून बी निघाली. नगं म्हनले मी. ती म्हनली, खायाचं काय मग. रस्त्यातच बसली, अन् उठली नाय. पोटातलं बी गेलं."

मी खाली बघत होतो. तिने सरांना विचारलं, चिडून नाही, फक्त कळत नसल्यासारखं, "तुमी तर वाचून दावलं व्हतं मला. मागल्या अंगाला बी काय नव्हतं."

सर म्हणाले, "चूक माझी आहे, बाई. सही माझी आहे."

मी शेजारीच उभा होतो. मी बोललो नाही. बोललो असतो तर काय झालं असतं? सून परत आली नसती. पण त्या बाईला तिचा शब्द कुणी टाकला हे समजलं असतं, आणि ते समजण्याचा तिचा हक्क होता. तिच्या लेखी तो सरांनीच टाकला.

परतीच्या बसमध्ये सिल्लोड गेल्यावर सरांनी तोंड उघडलं. "तुमच्या पिशोरला देवी आली तर हातोडा चालवतात का?"

"नाय, सर." कॉलेजात मी जपून बोलायचो, पण तेव्हा गावचं तोंडून गेलं.

"म्हणजे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं."

त्यांनी पिशवीतून आपली वही काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "हिचं पहिलं पान कुठलं?" मी डावीकडचा पुठ्ठा उघडला. आत शेवटचं पान होतं, कोरं. त्यांची वही उलट्या बाजूने सुरू होत होती, उर्दूच्या वहीसारखी. इतकी वर्षं ती मी पाहत होतो. "मी उजवीकडून वाचतो, मियाँ," ते म्हणाले. "माझ्या लेखी उजवं पान आधी येतं. ते झालं की मग डावं. तुम्ही डावीकडून वाचता, तुम्हाला ते पहिलं वाटणार, आणि उजवं म्हणजे वरचं काहीतरी. हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मी सांगायला हवं होतं." ही चूकही त्यांनी स्वतःकडे घेतली. मला ते सहन झालं नाही आणि मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

सर उजवी पानं घेऊन कचेरीत गेले. एकदा नाही, रोज. साहेबांना त्यांनी लेखी दिलं, "अहवाल अर्धा होता आणि तो अर्धा देणारा मी आहे." माझं नाव त्यात कुठंही नव्हतं. केंद्र पुन्हा उघडलं, पाऊस तोंडावर आल्यावर. त्यानंतर सरांना कुठलीच पाहणी मिळाली नाही, आणि दोन वर्षांनी आमचा जोडविषयही बंद झाला. नंतरच्या मुलांना त्यांनी दोन पानांवर लिहायला कधी सांगितलं नाही.

त्या कचेरीत जागा निघाली. साहेबांच्या लक्षात माझा तो सुरेख अहवाल होता. अर्जाबरोबर प्राध्यापकाच्या सहीचा चारित्र्याचा दाखला लागत होता, आणि मी तो टाईप करून सरांच्या घरी गेलो. दुसऱ्या कुणाकडे जाता आलं असतं. मी त्यांच्याकडेच का गेलो हे मला आजही नीट सांगता येत नाही. त्यांनी पूर्वीसारखी न वाचता सही करावी, म्हणजे सगळं होतं तसं झालं, असं काहीतरी माझ्या मनात असावं.

काकूंनी पाणी दिलं. सर दारासमोर उजेडात खुर्ची घेऊन बसले, कागद दोन्ही हातांनी धरला आणि मोठ्यांदा वाचायला लागले. मी त्यांना असं वाचताना एकदाच ऐकलं होतं, पारूबाईच्या दारात. काकूसुद्धा आतून बघायला आल्या.

"सदर विद्यार्थ्यास मी पाच वर्षांपासून ओळखतो," सरांनी वाचलं. "तो हुशार व कष्टाळू आहे. तो प्रामाणिक असून..." तिथं ते थांबले. चष्मा पुसला. मग वाक्य पहिल्यापासून पुन्हा वाचलं आणि पूर्ण केलं. खालची तारीखही वाचली.

मग त्यांनी कागद उलटला. मागची बाजू कोरी होती. ती त्यांनी डोळ्यांसमोर धरली आणि वाचत राहिले. एक अख्खं पान वाचायला लागतो तेवढा वेळ. त्यात मला सगळं बोलता आलं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण वडिलांना नोकरीचं कळवून झालं होतं, आणि मला ती हवी होती.

"मागे काही नाही?" सरांनी विचारलं.

मी म्हणालो, "नाही, सर."

त्यांनी कागद सुलटा केला, पेनाचं टोपण काढलं आणि सही केली. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. "लवकर नेऊन दे," ते म्हणाले. "साडेपाचला कचेरी बंद होते."